‘एकच सेकंद लागतो, सर!’

‘सर, डिलीट करायला एक सेकंद लागतो. एवढं काय त्यात?’ असं परवा तू मला फोनवर ऐकवलंस. तेव्हा मी गप्प बसलो, कारण घरात पाहुणे होते आणि चारचौघांत माजी विद्यार्थ्याची बिनपाण्याने करू नये एवढा पाचपोच मला आहे. आता पाहुणे गेलेत. आता सरळ उभा राहा आणि ऐक. हे मी मासिकात छापायला देतोय, कारण हा उद्योग करणारा तू एकटा नाहीस आणि एकेकाला घरी बोलावून झापायचं माझं वय राहिलेलं नाही. तुझं नाव घालत नाही. वाचलंस की कान आपोआप लाल होतील.

आधी गुन्हा काय ते मांडू. ‘दिलेली माहिती’ लिहिल्याशिवाय तुला मी कधी गणित सोडवू दिलं नाही, इथेही सोडवू देणार नाही. शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची नोंदणी तू हौसेने अंगावर घेतलीस. पोरगा कामाचा निघाला, असं आम्ही म्हातारे शिक्षक एकमेकांना सांगत होतो. फॉर्मवर नाव, बॅच, मोबाइल, ईमेल असे रकाने होते आणि वर ठळक अक्षरांत ‘ही माहिती फक्त मेळाव्याच्या सूचनांसाठी’ असं लिहिलेलं होतं. ते वाक्य मीच घालायला लावलं होतं. मेळावा झाला, जेवणं झाली, फोटो निघाले, आणि मग मेल सुरू झाले. आधी शाळेच्याच खात्यावरून, तळाशी ‘सौजन्य’ म्हणून तुझ्या कंपनीची पट्टी. मग थेट कंपनीकडून. मुंबईपासून अवघ्या दोन तासांवर एनए प्लॉट. घरबसल्या शेअर बाजार शिका. टकलावर महिन्यात केस. माझं टक्कल तुमच्या बॅचनेच आणलं, आणि आता त्यावरचा इलाजही तुम्हीच विकताय!

पत्ता कुठून मिळवलास असं विचारलं, तर म्हणालास, ‘सर, डेटाबेस बाहेरून घेतलाय. त्यात तुमचं नाव असेल.’ खोटं बोललास, आणि तेही गणिताच्या मास्तराशी. जीमेलच्या पत्त्यात आपल्या नावानंतर अधिकचं चिन्ह टाकून पुढे हवा तो शब्द जोडता येतो. मेल आपल्याच पेटीत येतो, पण ‘प्रति’ या जागी तो जोडलेला शब्द दिसतो. बँकेला मी एक शब्द देतो, गॅसवाल्याला दुसरा, चष्म्याच्या दुकानाला तिसरा. तुझ्या फॉर्मवर मी नावापुढे अधिकचं चिन्ह आणि ‘मेळावा’ असं लिहिलं होतं. प्लॉटचा मेल त्याच पत्त्यावर आला. तो पत्ता मी जगात दुसऱ्या कुणालाही दिलेला नाही. हेच सिद्ध करायचे होते.

तुला वाटत असेल, एका कामाच्या यादीतले पत्ते दुसऱ्याच कामाला लावायची शक्कल आपण काढली. तुझा बाप शाळेत होता तेव्हाची ती आहे. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क नावाच्या विक्रीवाल्याने हेच केलं. तेव्हा इंटरनेट नव्हतं, त्याच्या आधीचं अर्पानेट होतं. ते सरकारी पैशाने चाले, सरकारी कामासाठीच वापरायचं असे, आणि ते वापरणाऱ्यांची एक छापील डिरेक्टरी निघे. थर्कने डिरेक्टरी उघडली, पश्चिम किनाऱ्यावरचे पत्ते सहकाऱ्याकडून टाइप करून घेतले आणि जवळजवळ चारशे जणांना एका दमात कळवलं, की आमची डेकसिस्टिम-२० जातीची नवी यंत्रं बघायला लॉस एंजेलिसला आणि सॅन मातेओला या. पत्ते इतके झाले की वरच्या रकान्यात मावेनात. उरलेले खाली मजकुरात सांडले, म्हणजे निमंत्रणाच्या आधी लोकांना पत्त्यांची रांगच वाचावी लागली. जाळ्याची व्यवस्था बघणारा लष्करातला मेजर भडकला. हा नियमांचा उघड भंग आहे आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून कारवाई करतो आहोत, असं त्याने लेखी कळवलं.

ती डिरेक्टरी लोकांनी एकमेकांशी कामाचं बोलावं म्हणून छापलेली होती. आपला फॉर्म मेळाव्यासाठी होता. एका कारणासाठी दिलेला पत्ता दुसऱ्या कारणासाठी वापरायचा, ही त्या धंद्याची पहिल्या दिवसापासूनची रीत आहे आणि तू ती इमानेइतबारे चालवतो आहेस.

आता तू हात वर करून सांगशील, की थर्कला त्यातून एक कोटी तीस लाख डॉलरच्या आसपास धंदा मिळाला. मिळाला असं तो पुढे सांगायचा खरा. पण त्याने पाठवलं कुणाला, ते बघ. चारशे माणसं, त्यातला प्रत्येक जण मोठा संगणक वापरणारा, आणि एकेका यंत्राची किंमत अशी की चारपाच विकली गेली तरी वर्ष निघावं. तू टकलाचं तेल मुलींच्या बॅचलाही पाठवलंस. तेव्हा थर्कचं नाव घेऊ नकोस. तुझ्या जातीच्या मेलचा हिशेब वेगळा आहे, आणि तो कुणीतरी करून ठेवलेला आहे. फळ्याजवळ ये.

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी स्टॉर्म नावाच्या एका मेल-टोळीत शिरकाव केला. टोळी माणसांची नव्हती. मालकाला पत्ता नसताना विषाणूने ताब्यात घेतलेले हजारो घरगुती संगणक, आणि ते सगळे मिळून मेल पाठवतात, असा तो प्रकार. संशोधकांनी त्या मेलमधला दुवा बदलून स्वतःच्या लुटुपुटुच्या औषधाच्या दुकानाकडे वळवला. दुकानात पैसे कुणाकडूनच घेतले जात नव्हते, कोण खरेदीच्या टोकापर्यंत येतो एवढंच मोजलं जात होतं. सव्वीस दिवसांत जवळजवळ ३५ कोटी मेल रवाना झाले. त्यातले तीन चतुर्थांश वाटेतच अडवले गेले. सव्वाआठ कोटींच्या आसपास समोरच्या सर्व्हरने आत घेतले. दुकानापर्यंत आले साडेदहा हजार. आणि विकत घ्यायला तयार झाले किती? २८. अठ्ठावीस कोटी नाही, अठ्ठावीस हजार नाही. अठ्ठावीस माणसं! त्यांची एकूण खरेदी २,७३२ डॉलरला काही सेंट कमी. (अठ्ठावीसांपैकी सत्तावीस जणांना कसल्या गोळ्या हव्या होत्या, हे मी मासिकात लिहिणार नाही.)

भागाकार कर. ३५ कोटी भागिले २८. सव्वा कोटी. सव्वा कोटी मेल पाठवले तेव्हा एक गिऱ्हाईक.

आता तुझा तो लाडका एक सेकंद घेऊ. आत घेतलेल्या सव्वाआठ कोटींपैकी निम्मेच कुणाच्या तरी नजरेस पडले असं मी तुझ्या बाजूने धरतो. प्रत्येकाने तुझ्याच हिशेबाने एक सेकंद खर्च करून ते उडवले. चार कोटींच्या वर सेकंद झाले. तासांत कर. अकरा हजारांच्या पुढे जातात. दिवसाला आठ तास कामाचे धर, रविवारची सुट्टी नको, दिवाळीची नको. एका माणसाची जवळजवळ चार वर्षं झाली. चार वर्षं फक्त कचरा उचलण्याची, आणि ती कशासाठी, तर पावणेतीन हजार डॉलरच्या विक्रीसाठी. आणि माझ्यासारख्याचा तो एक सेकंदही नसतो. मला आधी चष्मा शोधावा लागतो.

या हिशेबातली गोम तुला कळते आहे का? त्या चार वर्षांतला एकही दिवस पाठवणाऱ्याच्या खिशातून जात नाही. सव्वा कोटी मेलना एक गिऱ्हाईक हा धंदा जगातल्या कुठल्याही दुकानदाराला परवडला नसता. तो परवडतो, कारण खर्च दुसऱ्याने सोसायचा असतो. आमच्या लहानपणी कुणी तिकीट न लावता पाकीट पेटीत टाकलं तर पोस्टमन दारात येऊन ‘नॉटपेड आहे’ म्हणायचा आणि दुप्पट पैसे मागायचा. वडील पाकीट उलटसुलट करून अक्षर बघायचे. ओळखीचं वाटलं तर पैसे मोजायचे, नाहीतर पोस्टमनला परत. तुझा मेल हा असला नॉटपेड आहे. पैसे घेणाऱ्यानेच मोजायचे, आणि परत करायची सोयही नाही.

ही सोय नाही, हे सुद्धा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं समजू नकोस. इंटरनेटच्या पायाभरणीतला मोठा माणूस जॉन पोस्टेल याने नोव्हेंबर १९७५ मध्ये, म्हणजे थर्कच्याही अडीच वर्षं आधी, नकोशा टपालावर एक छोटं टिपण लिहून ठेवलं. नको असलेला निरोप निवडून नाकारायची यंत्रणा घेणाऱ्या संगणकाकडे नाही, असा त्याचा मुद्दा होता. पुढे १९८२ साली मेल कसा पोचवायचा याचे नियम त्यानेच लिहिले, आणि त्यातही पाठवणारा खरा कोण हे तपासायची सक्ती नव्हती. जाळ्यावरची माणसं एकमेकांना ओळखत होती, सभ्य होती. दाराला कडी नसेल तर आत शिरायचं नसतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. तुम्हाला मात्र कडी नाही हे दिसल्याबरोबर ‘बिझनेस मॉडेल’ सुचलं!

आता तुझ्या मेलकडे वळू. मी तो कागदावर छापून घेतलाय आणि लाल पेनाने तपासलाय.

विषयाची ओळ: ‘रि: आपलं परवाचं बोलणं’. हा मेल आला त्याआधी आपलं काहीही बोलणं झालेलं नव्हतं. हे ‘रि:’ म्हणजे आधीच्या पत्राला उत्तर आहे, असा समज करून देण्यासाठी लावलेलं आहे. हे खोटं आहे. शून्य गुण.

संबोधन: ‘प्रिय एफनेम’. इथे यंत्राने यादीतून माझं नाव उचलून चिकटवायचं होतं, ते चिकटलं नाही आणि रकान्याचं नावच छापून आलं. दहा वर्षं ज्याला ‘सर’ म्हणालास तो तुझ्या यादीत एफनेम झाला. याचं मला वाईट वाटलं नाही, हसू आलं. पण जिव्हाळ्याचं सोंग आणताना निदान मेल एकदा स्वतःला पाठवून बघावा, एवढीही मेहनत नाही? उत्तरपत्रिका देण्यापूर्वी एकदा वाचून बघ, हे मी तुला पाचवीपासून सांगत आलोय.

मजकूर: ‘ऑफर आज रात्री बाराला संपते.’ ही ऑफर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच रात्री बाराला संपली. त्याच्या पुढच्याही.

खाली, डोळ्यांना दिसणार नाही असं एक चित्र. हे वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. मेलमध्ये एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र बसवलेलं असतं. मेल उघडला की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवलं जातं, आणि तिथे नोंद होते की अमक्याने अमक्या वेळेला मेल उघडला. त्याच नोंदीवरून तू मला फोनवर म्हणालास, ‘सर, तुम्ही सकाळी सहाला उघडलात की!’ तुला त्यात गंमत वाटली. दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावून, ‘काका, आज लवकर उठलात’ असं सांगणाऱ्याला आमच्या वाड्यात काय म्हणायचे ते तुझ्या आजीला विचार. चित्रं आपोआप उघडू नयेत अशी सोय मेलच्या सेटिंगमध्ये असते. ती मी आता लावली आहे.

आणि सगळ्यात तळाशी, राखाडीवर राखाडी अक्षरांत, मुंगीच्या पायाएवढं ‘अनसबस्क्राइब’. नको असेल तर तिथे टिचकी मारा, असं तू मोठ्या उदारपणे सांगितलंस. मी मारली. एक पान उघडलं. त्याने आधी माझाच पत्ता मला टाइप करायला लावला. मग जाण्याची कारणं विचारली. मग ‘तुम्ही गेलात तर आम्हाला वाईट वाटेल’ असं रडकं तोंड दाखवलं. मग म्हणालं, दहा दिवस लागतील. यादीत घालताना मला कुणी कारण विचारलं नव्हतं आणि दहा दिवसही लागले नव्हते. हे दहा दिवस तुम्ही अमेरिकेकडून उचलले आहेत. तिथल्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्याने नाव काढायला कामाचे दहा दिवस दिले आहेत. त्याच कायद्यात विषयाची ओळ फसवी नसावी आणि पाठवणाऱ्याचा टपालाचा खरा पत्ता मेलमध्ये असावा, असंही आहे. ते बरं उचलायचं राहिलं!

‘पण सर, सगळेच करतात.’ हे तुझं वाक्य सहावीत गृहपाठ न केल्याबद्दल उभं केलं तेव्हाचंच आहे. आणि ते खोटं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मकोलो नावाच्या एकाच होस्टिंग कंपनीची जोडणी तोडली गेली, तर जगभरातला कचरा-मेल एका दिवसात निम्म्याहून खाली आला. २०११ मध्ये त्याच सॅन डिएगोच्या मंडळींनी दुसऱ्या अभ्यासात दाखवलं, की असल्या मेलमधून विकल्या जाणाऱ्या औषधांसारख्या मालाचे पंचाण्णव टक्के व्यवहार अवघ्या तीन बँकांतून वळते होत होते. करणारे थोडे असतात, भोगणारे सगळे असतात. बिल गेट्सने २००४ च्या जानेवारीत दावोसमध्ये सांगितलं होतं, की हा उपद्रव दोन वर्षांत संपेल. त्याला तू भेटायला हवा होतास.

खरा राग मला माझ्या मेलचा नाही. शाळेचा आहे, आणि हा मुद्दा तुझ्या डोक्यात अजून शिरलेला दिसत नाही, म्हणून सावकाश सांगतो. तू शाळेच्या खात्यावरून जाहिरातीची पट्टी लावून मेल पाठवलेस. वैतागलेल्या लोकांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं. ते बटण दाबलं की गूगल नुसतं तो एक मेल बाजूला टाकत नाही, पाठवणाऱ्याच्या नावावर तक्रार लिहून ठेवतं. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून लेखी अटीच घातल्या. आपण कोण ते तांत्रिक खुणांनी सिद्ध करा, एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्या, दोन दिवसांत नाव काढा, आणि तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. ०.३ टक्के म्हणजे किती रे? हजारी तीन. आपली शाळा पाच हजार मेल पाठवत नाही, पण लहान खात्याचीही पत अशीच जाते. आज शाळेचा पालकसभेचा मेल पालकांच्या स्पॅममध्ये पडतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख कळवलेला मेल स्पॅममध्ये पडला. ऑफिसातले भाऊसाहेब एकेका पालकाला फोन लावत बसले होते. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं. चुकलं तुझं होतं.

म्हणून फिल्टर आहेतच की, असं म्हणू नकोस. फिल्टर आहेत हे खरं. २००२ साली पॉल ग्रॅहम याने शब्दांच्या संभाव्यतेवरून कचरा ओळखायची पद्धत मांडली, आणि आज यंत्रं त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत. पण फिल्टर दोन्ही बाजूंनी चुकतं. तू जितका खऱ्या पत्राचा वेष घेशील, तितकी ते खरी पत्रं जास्त संशयाने बघेल. ‘रि:’ लावून तू माझ्या पेटीत शिरलास, आणि तुझ्यामुळे कुणाच्या तरी मुलाखतीचं बोलावणं बाहेर राहिलं. एका माणसाची नोकरी गेली तर ती सेकंदात मोजून दाखव.

कायद्याबद्दलही तू मोठ्या ऐटीत विचारलंस, ‘आपल्याकडे कुठल्या कलमात लिहिलंय?’ वकिलासारखा प्रश्न आहे आणि दुर्दैवाने अर्धा बरोबर आहे. नकोशा फोन आणि एसएमएससाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम आहेत. १९०९ वर कळवून नाव नोंदवता येतं, आता तर एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावाला जाहिरात असेल तर शेवटी ‘पी’ लावावा लागतो. ईमेल मात्र त्यात येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६-अ या कलमात त्रासदायक आणि पाठवणारा कोण याबद्दल फसवणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता. पण ते कलम लिहिलं होतं इतकं ढगळ, की २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी पकडायला ते कामाला आलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये ते रद्द केलं. योग्यच केलं. वाईट एवढंच, की त्यातला ईमेलचा भाग नीट, नेमक्या शब्दांत पुन्हा लिहायचं कुणाला सुचलं नाही.

पण निवांत झोपू नकोस. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाच. संमती मोकळेपणाने, ठरावीक कारणासाठी आणि समजावून घेतलेली हवी, आणि ती काढून घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत दिली आहे. ही मुदत सुधारण्यासाठी आहे, हात धुऊन घेण्यासाठी नाही. शिवाय मेळाव्याच्या यादीत टोरांटोला गेलेली आपली मुलं आहेत. कॅनडात २०१४ पासून आधी परवानगी, मग मेल असा कायदा आहे, तो तिथे उघडल्या जाणाऱ्या मेलला लागू होतो, आणि कंपनीला एक कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जर्मनीतली आहेत, तिथे युरोपचे नियम आहेत. तुझ्या साहेबांना हे माहीत आहे का? की तेही एफनेमवरच चाललंय?

मधल्या मधे वाचकांनाही दोन शब्द. तुम्ही फार साळसूद बसला आहात, म्हणून. प्रदर्शनात ‘लकी ड्रॉ’च्या डब्यात चिठ्ठी टाकताना मोबाइल आणि ईमेल कोण लिहून देतं? मिक्सर लागेल म्हणून? दुकानात बिल करताना ‘नंबर सांगा’ म्हटलं की आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा सांगता. नाही म्हणायला शिका. ओळखीच्या कंपनीचा मेल नको असेल तर खालच्या दुव्यावरून नाव काढा. अनोळखी मेलच्या दुव्याला मात्र हात लावू नका. तिथे टिचकी मारली की पलीकडच्याला फक्त एवढंच कळतं, की हा पत्ता जिवंत आहे. तो सरळ स्पॅममध्ये ढकला.

तर आता तू. उद्या ऑफिसात गेल्यावर पहिलं काम म्हणजे मेळाव्याची यादी कंपनीच्या यंत्रणेतून काढायची, तुझ्या लॅपटॉपवरच्या एक्सेलमधून काढायची आणि पेनड्राइव्हवर असेल तर तिथूनही. पुढे कुणाला दिली किंवा विकली असशील, तर कुणाला, ते कागदावर लिहून मुख्याध्यापकांकडे दे. मग शाळेत जा, खात्याचा पासवर्ड त्यांना त्यांच्या हाताने बदलू दे आणि भाऊसाहेबांशेजारी बसून उरलेल्या पालकांना तू फोन लाव. साहेबांना सांग, की अनसबस्क्राइब काळ्या अक्षरांत आणि एका टिचकीत हवं. ऐकत नसतील तर दुसरी नोकरी बघ, शिफारसपत्र मी देईन, हुशार आहेस हे मी नाकारत नाही. एवढं झालं की यादीतल्या लोकांना माफीचा मेल मात्र पाठवू नकोस. तोही कुणी मागितलेला नाही.